सहा लाख, सोळा दिवस आणि एक सिनेमा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : छोट्या बजेटचा चित्रपट

नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत जे प्रश्न वारंवार दिसले, ते या अंकात घेतले आहेत. 'कॅमेरा कोणता घ्यावा' हे विचारणारी पत्रं सर्वांत जास्त होती. त्याला आम्ही सर्वांत कमी जागा दिली आहे. आज बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही बऱ्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या छोट्या) कॅमेऱ्यावर थिएटरात चालेल असं चित्र मिळतं. छोटा सिनेमा अडतो तो आवाजापायी, जेवणखाणापायी, तोंडी ठरलेल्या व्यवहारांपायी आणि हातातून निसटलेल्या दिवसांपायी.

प्रश्न : आम्ही मित्रांनी मिळून सहा लाख जमवले आहेत. ८० मिनिटांचा सिनेमा करायचा आहे. २४ दिवसांचं शूट धरलंय आणि तितके दिवस भाड्याने मोठा सिनेमा कॅमेरा आणायचा विचार आहे. पैसे पुरतील का? (मानेवाडा, नागपूर)

२४ दिवसांत पुरणार नाहीत. १६ दिवसांत पुरवता येतील.

आधी जेवणाचा हिशेब करा, कारण तो कुणीच आधी करत नाही. तंत्रज्ञ, नट, मदतनीस धरून सेटवर रोज १८ माणसं आहेत असं समजा. सकाळचे तर्री-पोहे, दुपारचा डबा, संध्याकाळचं काहीतरी, दिवसभराचा चहा आणि पाण्याचे जार मिळून माणशी ३५० रुपये धरले तर १६ दिवसांचे १,००,८०० होतात. २४ दिवसांचे १,५१,२००. म्हणजे फक्त आठ दिवस वाढले की निव्वळ खाण्यावर ५० हजार जास्त जातात. गाड्यांचं पेट्रोल, लाइट आणि कॅमेऱ्याचं भाडं, लोकांचं मानधन हेही त्याच पटीत वाढतं. म्हणून प्रत्येक निर्णयाला एकच प्रश्न विचारा : याने दिवस वाढतो की कमी होतो?

८० पानांची पटकथा १६ दिवसांत म्हणजे रोज पाच पानं. हे जमतं, पण लोकेशन कमी असतील तरच. नागपूरच्या महाल भागातून सामान बांधून, टेम्पोत भरून शहराबाहेर हिंगण्याला उतरवायचं आणि तिथे पुन्हा दिवे लावायचे यात कमीत कमी दोन तास जातात. दिवसातून दोनदा हललात तर पाचाची तीन पानं होतात. तेव्हा पटकथेतली लोकेशनं मोजा. १८ असतील तर ७-८ वर आणा. एकाच घराची पुढची खोली नायकाचं घर, मागची खोली वकिलाचं ऑफिस आणि गच्ची तिसऱ्याच माणसाची होऊ शकते. ही काटछाट लेखकाने करायची असते आणि ती शूटच्या दोन महिने आधी करायची असते. सेटवर उभं राहून सीन कापले की गोष्टीचा सांधाच निखळतो.

वाटणी आम्ही अशी करू : जेवण आणि प्रवास दीड लाख, कॅमेरा-लेन्स-दिवे एक लाख, सेटवरचा आवाज रेकॉर्डिस्टसह ६० हजार, मानधन एक लाख, कपडे-सामान-जागा ४० हजार, एडिटिंगपासून थिएटरच्या प्रतीपर्यंतचं सगळं ९० हजार आणि राखीव ६० हजार. हे शेवटचे दीड लाख, म्हणजे एडिटिंगपासूनचं काम आणि राखीव मिळून, शूटच्या आधीच वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याची सही दिग्दर्शकाकडे ठेवू नका. पहिल्या सिनेमाचा पैसा जवळपास नेहमीच शूटमध्ये संपतो. मग हार्ड डिस्क दोन-दोन वर्षं कपाटात पडून राहते.

मानधनाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. 'मित्र आहे, फुकट करेल' यावर दोन दिवसांचं शूट चालतं, सोळा दिवसांचं चालत नाही. नवव्या-दहाव्या दिवशी कुणाला नोकरीवरून फोन येतो, कुणाच्या घरी लग्न निघतं, आणि फुकट आलेल्या माणसाला थांब म्हणण्याचा हक्क तुम्हाला नसतो. रोजचे ४०० रुपये असले तरी द्या, आणि तारखा एका साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

भाड्याच्या सिनेमा कॅमेऱ्याला लागणाऱ्या बॅटऱ्या, कार्डं, जड ट्रायपॉड आणि सांभाळणारा माणूस हे सगळं भाड्याबरोबर गळ्यात पडतं. एकाच कंपनीच्या दोन मिररलेस बॉडी आणि तीन लेन्स घ्या. एक बॉडी बिघडली तर दिवस वाया जात नाही. कॅमेऱ्याविषयी इतकंच.

प्रश्न : महालातल्या जुन्या वाड्यात मे महिन्यात शॉर्ट फिल्म शूट केली. चित्र छान आलंय, पण संवादांवर कूलरचा आवाज आहे आणि खोलीचा घुमाराही. सॉफ्टवेअरने साफ होईल का? (महाल, नागपूर)

थोडं होईल. कूलरच्या पंख्याची एकसुरी घरघर आजची सॉफ्टवेअरं बरीच खाली आणतात. पण पंप मधूनच खरखरतो, पाणी गळतं, शेजारचा दुसरा कूलर टेकच्या मध्यात सुरू होतो. हे आवाज बदलते असल्यामुळे सहजी सुटत नाहीत. शिवाय एका शॉटमध्ये घरघर आहे आणि पुढच्यात नाही, असं झालं की प्रत्येक कटवर आवाज उडी मारतो. फार साफ केलं की माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. घुमारा काढणं तर त्याहून अवघड. आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत : जिथे संवाद समजत नाही तेवढ्याच ओळी डब करा, आणि उरलेल्या सीनखाली कूलरचा एकसलग आवाज मुद्दाम पसरवा, म्हणजे कट लपतील. मे महिन्यातल्या नागपुरी घरात कूलर ऐकू आला तर प्रेक्षकाला खटकत नाही. खटकतं ते त्याचं अधूनमधून गायब होणं.

पुढच्या वेळेसाठी मात्र नीट वाचा.

लोकेशन बघायला जाताना ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा आणि खोलीच्या मध्ये पाच मिनिटं गप्प उभे राहा. भिंतीपलीकडचे कूलर, गल्लीतली आटाचक्की, शाळेची सुट्टी, भोंगे, सगळं टिपून घ्या. शेजाऱ्यांना आधल्या दिवशी भेटा. 'दिवसभर कूलर बंद ठेवा' असं ४४ अंशांत कुणाला सांगता येत नाही, पण 'आमचा माणूस दारात येऊन हात करेल तेव्हा चार मिनिटं बंद करा' हे लोक आनंदाने करतात. त्यासाठी एक माणूस फक्त या कामाला ठेवा. तुमचा स्वतःचा कूलर टेकपुरता बंद आणि टेक संपला की लगेच सुरू. फ्रिज बंद करायचा असेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना तो पुन्हा सुरू करायचं राहून घरमालकाचं दूध नासणार नाही.

घुमाऱ्यावर उपाय गाद्या आणि गोधड्या. शहाबादी फरशी आणि स्लॅबचं छत असलेली खोली सर्वांत वाईट. मातीच्या भिंती आणि लाकडी माळवद असेल तर तीच खोली निम्मी शांत असते. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या दोन भिंतींवर गोधड्या टांगा, फरशीवर सतरंजी टाका, कॅमेऱ्याच्या मागे गादी उभी करा. खोलीच्या आत लांब शॉटगन माइकपेक्षा आखूड हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज पकडणारा) माइक चांगला, कारण लांब शॉटगन भिंतींवरून परतणारा आवाज विचित्र करून पकडतो. बूम, म्हणजे दांडीवरचा माइक, नटाच्या डोक्यावरून दीड ते दोन फुटांवर, टोक छातीकडे. माइक तीन फुटांवर गेला की घुमारा आलाच. फ्रेम वाइड असेल तर आधी वाइड घ्या, मग तोच संवाद जवळ माइक धरून नुसता आवाजासाठी पुन्हा बोलून घ्या. नट त्याच लयीत असतो, त्यामुळे ती ओळ ओठांवर बसते. हे टेक संपल्यासंपल्या करायचं. संध्याकाळी केलं तर उपयोग नाही.

लेपल माइक (कपड्यात लावायचा छोटा माइक) लावताना नव्या, खळ लावलेल्या सुती साडीपासून सावध राहा. ती प्रत्येक हालचालीला खसखसते, म्हणून कपडे दोनदा धुऊन आणा. माइक पदराच्या आत, पण पदर आणि ब्लाऊज यांच्यामध्ये सैल राहणार नाही असा मायक्रोपोर टेपने दोन्ही बाजूंनी चिकटवा. वायरला एक छोटा वेटोळा देऊन तोही टेपने धरा, म्हणजे वायरीचा ओढा माइकपर्यंत पोचत नाही. घामाने टेप सुटतो, म्हणून दर दोन तासांनी बदला.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. नेहमीचं बोलणं उणे २० ते उणे १२ डेसिबलच्या मध्ये राहील असं ठेवा, म्हणजे ओरडण्याला जागा राहते. प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. एडिटिंगच्या टेबलावर हे मिनिट सोन्याच्या भावाचं ठरतं, आणि ते मागायला सेटवर कुणालाच आठवत नाही. कूलरचा आवाजही वेगळा दोन मिनिटं घेऊन ठेवा. हवा असेल तेव्हा तुमच्या मर्जीने टाकता येतो.

प्रश्न : किराणा दुकानातल्या सीनमध्ये चित्रावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा खराब आहे का? (कामठी)

कॅमेरा ठीक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, १/६० कधीच नाही. २४ फ्रेमवर शूट करत असाल आणि कॅमेऱ्यात शटर अंशांत असेल तर १८० ऐवजी १७२.८ अंश लावा, म्हणजे बरोबर १/५० होतं. एवढं करूनही पट्टे राहिले तर तो बल्बच हलका आहे किंवा डिमरवर आहे. दुकानातले चार बल्ब बदलून देणं हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि दुकानदारही खूश होतो.

वाड्यातल्या आणि जुन्या दुकानांतल्या वायरिंगबद्दल याच जागी सांगून ठेवतो. लहान, ६ अँपिअरच्या प्लगवर १,००० वॉटच्या वर जाऊ नका. मोठे दिवे १६ अँपिअरच्या प्लगवर, आणि दोन दिवे दोन वेगळ्या सर्किटवर. वायर हाताला गरम लागली की तो दिवा बंद.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत शूट करायचं आहे. एप्रिलमध्ये चाचणी घेतली तर कॅमेरा तापून बंद पडला, आणि चित्रात आभाळ नुसतं पांढरं. शिवाय झाडांवर फळं हवीत. काय करावं? (काटोल)

फळांपासून सुरुवात करू, कारण तारीख तीच ठरवते. आंबिया बहराची (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याची) फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतात, मृग बहराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. कोणती बाग कोणत्या बहराची हे मालकाला विचारा. आणि पुढचा प्रश्न विसरू नका : बागेचा सौदा झालाय का? सौदा झाला की तोडणीची तारीख व्यापाऱ्याच्या हाती जाते. मालकाने तुम्हाला मंगळवार दिलेला असतो आणि सोमवारी सकाळी मजूर आणि क्रेट घेऊन गाडी उभी राहते. व्यापाऱ्याशी थेट बोला, फ्रेममध्ये येणारी दहा-बारा झाडं शेवटी तोडायची असं ठरवा आणि त्या झाडांच्या मालाचा फरक द्यायची तयारी ठेवा. दुसऱ्या फेरीचं शूट लागणार असेल तर त्याच झाडांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आमचा कल आंबियाकडे आहे. डिसेंबरात ऊन तिरपं आणि मऊ असतं, माणसं थकत नाहीत. मात्र दिवस लहान : नागपुरात उजाडायला पावणेसात होतात आणि सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. युनिट सहाला जागेवर हवं.

एप्रिलमध्येच करायचं असेल तर सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ नंतर. मधल्या वेळात झाडांच्या सावलीत बसलेली क्लोज दृश्यं घ्या, वर पांढरी पातळ चादर ताणून, म्हणजे पानांमधून पडणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर येत नाहीत. पांढरं आभाळ फ्रेममध्ये घेऊच नका. कॅमेरा थोडा वर चढवा आणि खाली बघू द्या, मागे माती आणि झाडं येतील.

एनडी फिल्टरचं, म्हणजे लेन्ससमोर लावून उजेड कमी करणाऱ्या काचेचं, गणित बघा. कडक उन्हात आयएसओ १०० ला साधारण एफ १६ आणि १/१०० शटर लागतं. तुम्हाला शटर १/५० आणि लेन्स एफ २.८ हवी, म्हणजे सहा स्टॉप जास्त उजेड (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट). त्यासाठी एनडी ६४. लॉग प्रोफाइलमध्ये (रंग नंतर सुधारता यावेत म्हणून फिकं चित्र घेण्याची पद्धत) कॅमेऱ्याचा किमान आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी ५००. स्वस्त फिरवायच्या एनडीमध्ये शेवटच्या टोकाला चित्रावर काळी फुली उमटते, म्हणून ठरावीक ताकदीच्या काचा घ्या.

तापण्याचं कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या काळ्या बॉडीवर पडणारं थेट ऊन असतं. छत्री नटाच्या आधी कॅमेऱ्यावर धरा. टेक नसताना बॉडीवर ओलं नव्हे, कोरडं पांढरं कापड टाका. स्क्रीन बॉडीपासून बाहेर ओढून ठेवा, गरज नसेल तिथे ५०-६० फ्रेमवर शूट करू नका, आणि दोन बॉडी आलटूनपालटून वापरा. तापलेला कॅमेरा बर्फाच्या डब्यात ठेवायचा मोह टाळा. आत दव धरतं आणि मग तो खरंच खराब होतो.

प्रश्न : कथा पूर्व विदर्भातली आहे. झाडीपट्टी रंगभूमीवरचे नट घ्यावेत की पुण्या-मुंबईचे प्रशिक्षित? (धरमपेठ, नागपूर)

झाडीपट्टीचे घ्या. बोली उसनी आणता येत नाही. भंडारा-गोंदियाची झाडीबोली, नागपूरची बोली आणि अमरावती-अकोल्याची वऱ्हाडी यांत क्रियापदांपासून हेलापर्यंत फरक आहे. तिन्हींना 'विदर्भाची भाषा' म्हणून एकाच पोत्यात भरलं की इथला प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत सिनेमावरचा विश्वास सोडतो. पटकथेत संवाद प्रमाण मराठीत लिहिले असतील तर वाचनाच्या वेळी नटाला 'हे तू घरी कसं म्हणशील' असं विचारा आणि तो म्हणेल ते लिहून घ्या. पण शूटच्या आधी ते पक्कं करा. प्रत्येक टेकला वेगळं बोललं तर एडिटिंगमध्ये जोडता येत नाही.

अडचण तारखांची. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारापर्यंत चालतो. वडसा-देसाईगंज हे त्याचं केंद्र. त्या काळात हे कलावंत रात्रभर नाटक करतात, पहाटे प्रवास करतात आणि दुसऱ्या गावी पुन्हा उभे राहतात. अशा माणसाला जानेवारीत सकाळी सहाला सेटवर बोलावणं म्हणजे त्याच्या पोटावर आणि तब्येतीवर दोन्हीकडून घाला. उन्हाळा किंवा ऑगस्ट-सप्टेंबर धरा. म्हणजे आंबियाच्या बागेची आणि झाडीपट्टीच्या नटाची तारीख एकत्र जुळत नाही. दोन्ही हवं असेल तर शूट दोन भागांत तोडावं लागेल, आणि ते बजेटमध्ये आधीच दिसलं पाहिजे.

अभिनयाचा बाज बदलायला वेळ द्या. उघड्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या माणसाला 'कमी कर' एवढंच सांगून भागत नाही. 'कमी' म्हटलं की तो शब्द गिळतो. तीन-चार दिवस आधी, साध्या खोलीत, समोरासमोर दोन फुटांवर बसवून संवाद म्हणायला लावा. हातात काम द्या : तांदूळ निवडणं, सायकलची चेन बसवणं. आवाज आपोआप खाली येतो. मोबाइलवर शूट करून लगेच दाखवा. एकदा पडद्यावर स्वतःचा चेहरा किती मोठा दिसतो हे कळलं की हे कलावंत झपाट्याने जुळवून घेतात, आणि एका टेकमध्ये चार पानं न चुकता म्हणण्याची त्यांची ताकद तुमचे दिवस वाचवते.

प्रश्न : नायक खर्रा खातो आणि घरी शेळी आहे. सेन्सॉरला अडचण येईल का? (इंदोरा, नागपूर)

खर्ऱ्यात सुपारीबरोबर घोटलेला तंबाखू आहे, त्यामुळे सिगारेटला लागू होणारे नियम त्यालाही लागू. सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतराला आरोग्य खात्याची किमान ३० सेकंदांची चित्रफीत, त्याशिवाय दोन्ही वेळा किमान २० सेकंदांची दृक्‌श्राव्य सूचना, आणि पडद्यावर खर्रा दिसत असेल तितका वेळ खाली इशारा. नागपूरच्या माणसाच्या हातात खर्रा असणं खरं आहे, आणि पात्रासाठी तो आवश्यक असेल तर ठेवा. पण नुसत्या रंगासाठी एका सीनमध्ये टाकला असेल तर काढा. त्या एका घोटणीपायी सुरुवातीच्या शांत फ्रेमआधी मिनिटभर सूचना येणार.

शेळी, कुत्रा, म्हैस यांपैकी काहीही 'काम' करणार असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी घ्यावी लागते. शूट झाल्यावर धावाधाव करणाऱ्यांचे सीन शेवटी कापले जातात. जाताजाता : २०२४ च्या नव्या नियमांनुसार यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. अर्ज करताना कोणता मागायचा हे ठरवून ठेवा.

प्रश्न : एका लेखकाची कथा आवडली. फोनवर ते 'करा, करा' म्हणाले. एवढं पुरे का? (वर्धा)

नाही. हक्क देणं लेखीच असावं लागतं. आणि कागद केला तरी कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचूनच करा. मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच. आणि हक्क घेऊन एका वर्षात वापरले नाहीत, व कागदावर वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते आपोआप संपतात. छोट्या सिनेमाला पैसा जमवायलाच दोन वर्षं लागतात, त्यामुळे ही शेवटची ओळ तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची. मुदत किती वर्षं, प्रदेश संपूर्ण जग, माध्यमं कोणती, शूट कधीपर्यंत सुरू झालं नाही तर हक्क परत, मानधन किती आणि कधी, नामावळीत नाव कसं येणार, हे सगळं दोन पानांत मावतं. लेखक हयात नसतील तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य मुक्त होतं, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२६ पासून.

जुन्या सिनेगीताबद्दल तीन पत्रं आली आहेत, त्यांना इथेच उत्तर. पात्राच्या मोबाइलवर चार सेकंद वाजलं तरी परवानगी लागते. 'दहा सेकंदांपर्यंत चालतं' असा कुठलाही नियम नाही. आणि परवानगी दोन : शब्द-चालीची वेगळी, ध्वनिमुद्रणाची वेगळी. पारंपरिक दंडार किंवा भुलाबाईची गाणी मुक्त आहेत, पण गावातल्या बायांकडून स्वतः गाऊन रेकॉर्ड करून घ्या, त्यांना पैसे द्या, आणि त्यांची सहीही घ्या. दुसऱ्या कुणी केलेलं रेकॉर्डिंग उचलू नका.

प्रश्न : दिवसाचं शूट एका हार्ड डिस्कवर घेतो. चालेल का? (बुटीबोरी)

चालणार नाही. सेकंदाला १०० मेगाबिटच्या फाइलला तासाला ४५ जीबी लागतात. रोज दोन तासांचं चित्र धरलं तर १६ दिवसांत दीड टीबीच्या आत बसतं. दोन टीबीच्या दोन डिस्क घ्या, दोन वेगळ्या माणसांच्या घरी ठेवा. दोन्हीकडे कॉपी झाल्यावर क्लिप उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका, आणि कार्ड पुसण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या.

प्रश्न : सिनेमा तयार आहे. नागपुरात थिएटरला दाखवायचा आहे आणि शासनाच्या अनुदानासाठीही अर्ज करायचा आहे. पुढे काय? (प्रतापनगर, नागपूर)

अनुदानाचा पैसा पूर्ण झालेल्या, प्रमाणपत्र मिळालेल्या मराठी सिनेमाला, परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यावर मिळतो. म्हणून तो शूटच्या बजेटमध्ये कधीच धरू नका आणि त्याच्या भरवशावर व्याजाने पैसे तर मुळीच उचलू नका. अर्जासोबत खर्चाची कागदपत्रं लागतात. तेव्हा पहिल्या दिवसापासून पक्की बिलं, सिनेमाच्या नावाचं वेगळं बँक खातं.

महोत्सवांना पाठवायचं असेल तर सिनेमा यूट्यूबवर टाकू नका. अनेक महोत्सव आधी सार्वजनिक झालेला सिनेमा घेत नाहीत, आणि तो दरवाजा एकदा बंद झाला की उघडत नाही. इंग्रजी सबटायटल असलेली एक प्रत आणि बिनसबटायटलची दुसरी, अशा दोन्ही ठेवा.

थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत, लागेल. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर ते बनवतं. रात्रभर चालू ठेवायची तयारी ठेवा. फ्रेमचा आकार फ्लॅटसाठी (नेहमीची फ्रेम) १९९८ बाय १०८० पिक्सेल, स्कोपसाठी (जास्त रुंद फ्रेम) २०४८ बाय ८५८. प्रमाणित वेग २४ फ्रेम. तुम्ही २५ वर शूट केलं असेल तर २४ वर चालवताना ८० मिनिटांचा सिनेमा ८३ मिनिटं २० सेकंद होतो आणि आवाज किंचित जड लागतो. त्याचा स्वर सॉफ्टवेअरमध्ये जुळवून घ्यावा लागतो. म्हणून पुढचा सिनेमा सुरुवातीपासून २४ वर करा. सेकंदाला १०० मेगाबिट धरले तर ८० मिनिटांचे साधारण ६० जीबी होतात.

सर्वांत जास्त फजिती आवाजाची होते. घरी हेडफोनवर केलेलं नुसतं स्टिरिओ मिक्सिंग थिएटरात लावलं की कडेला बसलेल्या प्रेक्षकाला संवाद जवळच्याच स्पीकरमधून ऐकू येतात, मधून नाही. निदान संवाद तरी मधल्या चॅनेलवर टाका. मिक्सिंगचे दोन दिवस खऱ्या स्टुडिओत करा, बाकी सगळी काटकसर दुसरीकडे चालेल.

आणि खेळाच्या दिवशी थेट डिस्क घेऊन जाऊ नका. थिएटरांतले काही सर्व्हर ठरावीक पद्धतीने फॉरमॅट केलेलीच डिस्क वाचतात, काहींना फाइल घ्यायला तासभर लागतो. दोन दिवस आधी, सकाळच्या पहिल्या खेळापूर्वी थिएटरकडून अर्धा तास मागा. प्रोजेक्टर चालवणाऱ्याशी ओळख करून घ्या. पाच जागा तपासा : पहिला संवाद, सर्वांत अंधाराचा सीन, सर्वांत मोठा आवाज, सबटायटलची पहिली ओळ आणि शेवटची नामावळी. ओठ आणि आवाज जुळतात का हे शेवटच्या दहा मिनिटांत पाहा, कारण फ्रेमच्या वेगाची चूक असेल तर फरक हळूहळू साठत जातो आणि सुरुवातीला दिसत नाही. आवाजाचा नॉब कोणत्या आकड्यावर बरा वाटला तो कागदावर लिहून प्रोजेक्शनच्या खोलीत चिकटवून या.